नावं राहिली तुमची

"नावं राहिली तुमची!" दार उघडतानाच ते म्हणायचे आणि रिमोटने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

जर्मनीत, गेर्लिंगेनला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नागपूरचे, इंजिनिअर. दर रविवारी तीनला त्यांच्याकडे हॉलिवूडच्या एकाच जुन्या दिग्दर्शकाचे सिनेमे, ओळीने, थेट मूकपटांपासून. त्या काळी सिनेमात काम केलेल्या सगळ्यांची नावं सिनेमाच्या आधी यायची आणि ती चुकली तर सिनेमाच चुकला, असं त्यांचं मत. आता तीनला बोलावलं की आपली माणसं साडेतीनला घरून निघतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! शेजारचे जर्मन आजोबा मात्र तीनच्या ठोक्याला हजर. बिचाऱ्यांना सगळी नावं पाठ झाली होती. "जा, जा, नोखमाल," म्हणजे चालू द्या पुन्हा, असं म्हणत ते वहिनींच्या चिवड्याची वाटी पुढे ओढायचे.

दिग्दर्शक काही फार थोर नव्हता. स्टुडिओने घोडे दिले तर घोड्यांचा सिनेमा, नाचगाणी दिली तर नाचगाण्यांचा.

"अहो, यातले निम्मे टाकाऊ आहेत," मी एकदा म्हटलं.

"असू द्या ना. आपल्याला तरी कुठे मनासारखं काम भेटते? भेटलं ते नीट करायचं."

त्यांची इच्छा एवढीच होती की मुलीने एकतरी सिनेमा आपल्यासोबत पाहावा. ती पंधरा वर्षांची. चिवडा घ्यायला यायची, "लांगवाइलिग, पापा," म्हणजे कंटाळवाणं, असं म्हणत नाक मुरडायची आणि खोलीत पळायची. मराठी तिला कळायचं, पण बोलायची जर्मनच. ते हसायचे. सोफ्यावरची आपल्या शेजारची जागा मात्र कुणाला देत नसत.

शेवटच्या सिनेमाच्या दिवशी नेमका फुटबॉलचा सामना होता. आजोबासुद्धा फिरकले नाहीत. म्हातारपणी कसाबसा केलेला, साफ पडलेला सिनेमा, आणि बघायला आम्ही दोघंच. मला फार वाईट वाटलं. अर्धा झाला तेव्हा मुलगी चिवड्यासाठी बाहेर आली, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिली आणि गुपचूप त्यांच्या शेजारी येऊन बसली.

त्यांनी रिमोट उचलला.

"नाइन, पापा!" नको म्हणून ती ओरडली.

"नावं राहिली तुझी," ते म्हणाले. तो अर्धा सिनेमा मी पुन्हा पाहिला, तोही आनंदाने.

पुढे नोकरी संपवून ते आणि वहिनी नागपूरला परत गेले. मुलगी ब्राउनश्वाइगला शिकायला राहिली. गेल्या हिवाळ्यात तिने मला बोलावलं. मी पोचले ती उशिराच. खोलीत तिच्या मैत्रिणी भिंतीवर जुना, काळापांढरा सिनेमा पाहत होत्या. मला बघताच तिने तो थांबवला. मैत्रिणी कुरकुरल्या. तिने शेजारची उशी बाजूला केली.

"बसा मावशी," ती मराठीत म्हणाली, "नावं राहिली तुमची."