सहा जणांची सोय

हडपसरच्या उत्तरेश्वरांना शिडाची जुनी बोट घ्यायची होती. यावर पहिली दोन वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विश्वास बसला नाही आणि तिसऱ्या वर्षी खुद्द त्यांच्या बायकोचाही उडाला. बोट पाहायला म्हणून माणूस कोकणात जातो आणि दर वेळी घाटात वडे खाऊन परत येतो, तर लोकांनी दुसरं काय समजायचं?

वेड मात्र जुनं होतं. धाराशिवकडच्या ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येई, तिथून ते पुण्याला शिकायला आले आणि एनसीसीच्या नौदल विभागात शिरले. खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची होडी वळवताना जे सुख मिळालं, ते पुढे कारखान्यात यंत्रं सांभाळताना कधी मिळालं नाही. लग्न झाल्यावर त्यांनी विमलाबाईंना सांगून ठेवलं, रिटायर झालो की कोकणचा किनारा बंदराबंदराने पाहायचा. मग मुलं झाली आणि बेत चौघांचा झाला. बोटीत खिडकीजवळ कोण झोपणार यावरून शुभंकर आणि नम्रता जेवताना भांडत. काय ते दिवस होते! पुढे सून आली, नात झाली, बेत सहा जणांचा झाला.

निवृत्तीनंतर हडपसरजवळच्या मांजरी गावातला प्लॉट विकून उत्तरेश्वर बोटी पाहू लागले. माठ घेताना वाजवतात तसा तळ वाजवायचे आणि मग पुणेकराला शोभेल अशी नावं ठेवायचे. डोलकाठी वाकडी, दोर कुजके, मालकाचा चेहरा बरा नाही. शेवटी कारण एकच निघे: सहा जणांची झोपायची सोय नाही.

या जानेवारीत अलिबागजवळच्या खाडीत तशी बोट सापडली. तळ खणखणीत, बिछाने सहा. मालक म्हणाला, शीड चढवून बघा. उत्तरेश्वरांनी दोर ओढला, विमलाबाईंनीही हात लावला. अर्ध्यावरच दोघांना धाप लागली आणि शीड सरसर खाली आलं.

मालकाने मुकाट्याने शेजारची लहान बोट दाखवली. आत दोनच बिछाने. तिचं शीड उत्तरेश्वरांनी एकट्याने चढवलं. वारा भरला, बोट जराशी कलली आणि ते कॉलेजातल्या पोरासारखे हसले. ते हसू विमलाबाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर उतरताच ते म्हणाले, "चांगली आहे. पण लहान पडेल."

"कुणाला?"

"शुभंकर आला तर?"

"अहो, त्याला दिवे घाटात उलटी व्हायची. आणि कॅनडाला गेल्यापासून आलाय का तो एकदा तरी? नम्रताला बंगळुरूहून दिवाळीला यायला जमत नाही. बोट कुणासाठी घेताय?"

लहान बोट घ्यायची म्हणजे मुलं येणार नाहीत हे कबूल करायचं. ते उत्तरेश्वरांना तीन वर्षं जमलं नव्हतं, म्हणून तर सगळ्या डोलकाठ्या वाकड्या. त्यांना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी लहान बोटीचा इसार दिला.

पहिल्या फेरीच्या दिवशी सामान लावताना त्यांनी विमलाबाईंची पिशवी उघडली. आत स्टीलचे सहा पेले होते. प्रत्येकावर घरच्या एकेकाचं नाव कोरलेलं. सगळ्यात लहान पेला नातीचा, तिने अजून हातातही न धरलेला.

"दोघांना सहा पेले?" त्यांनी विचारलं.

"एकात एक बसतात," विमलाबाई म्हणाल्या. "जागा लागत नाही."