चिंचेने घासलेला इटालियन दिवा

अजून आठवलं की कानशिलं तापतात. भवानीपूरच्या एका खोलीत मी, हे आणि सासरे राहत होतो. माझी शाळा लग्नापायी सातवीत सुटलेली. साताऱ्याहून इतक्या लांब येऊन घरीच मॅट्रिकचा अभ्यास चालला होता. नापास झाले तर पुन्हा कुणी पुस्तक हातात धरू देणार नाही, ही धास्ती. त्यात संध्याकाळी वरचा दिवा लावला की सासऱ्यांचे आजारी डोळे झोंबायचे.

वरच्या मजल्यावरची इटालियन बाई मायदेशी परतताना तिचा उभा दिवा मला देऊन गेली. खाली संगमरवराची चकती, वर पितळी दांडा आणि हवी तिकडे वळणारी काळी टोपी. तो बेतला होता तिच्या मिलानच्या शेजाऱ्याने, एका वास्तुविशारदाने. युद्धात त्याचं घर पडलं, सगळं कुटुंब एका खोलीत आलं. एकाने वाचावं आणि बाकीच्यांना निजता यावं म्हणून त्याने ती टोपी केली. न पाहिलेल्या त्या माणसाला माझी खोली बरोबर कळली होती. "पितळ घासायचं नाही," बाईने मोडक्या हिंदीत बजावलं होतं. "हात लागून काळं होऊ दे. त्याला तसंच हवं होतं."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, सकाळीच मदतीला आल्या. मी बाजारातून कैऱ्या घेऊन परतले तर दिवा मोरीत. चिंचेने घासून, वर तांब्या तांब्या पाणी ओतून, समईसारखा लखलखीत.

"काळा ठिक्कर पडला होता गं. बायका काय म्हणाल्या असत्या?"

दांड्यातली वायर भिजली होती. ह्यांनी खटका दाबला; फट् झालं, जळका वास सुटला. हे हसले. "शोभेला राहू दे की."

मला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पण टायफॉइडमध्ये याच वन्संनी माझं गू-मूत काढलं होतं. ते आठवलं आणि मी कैऱ्या उकडायला ठेवल्या. पन्हं वाटलं, ओट्या भरल्या. वन्संनी त्या मेलेल्या दिव्यालाही हळदकुंकू लावलं.

बायका गेल्या. अंधारून आलं. मी वरचा दिवा लावला आणि गणिताचं पुस्तक उघडलं. सासऱ्यांनी डोळ्यांवर पंचा ओढला.

"अगं, बाबांच्या डोळ्यांना त्रास होतोय," वन्सं म्हणाल्या.

"मग चिंच लावा," मी म्हणाले, आणि पान उलटलं.