युसूफभाईंची जोडनाव

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात, कोमेजलेली मेथी गळ्यात मारली म्हणून भाजीवाल्याशी भांडत होते. भांडणं हा माझा स्वभावच. त्यांचा मुलगा अकरम एवढंच बोलला, "बाई, अब्बा गेले. दुपारी मिट्टी हाय." मेथी तिथेच टाकून घरी आले, पण दफनाला अकोल्याला निघायला पाय उचलेना. त्याला दीड महिना झाला. युसूफभाईंवर कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. आणि मला एक गोष्ट कबूल करायची आहे, म्हणूनही.

वर्धा नदीच्या पलीकडच्या गावात मी शाळामास्तरीण होते. तेव्हा तिथे पूल नव्हता. दोन मोठ्या नावा शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या, ती युसूफभाईंची जोडनाव. या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी तार ताणलेली, तिच्या आधाराने डिझेल इंजिनावर ती भकभक करत पलीकडे जायची. एक जीप, दोन-चार मोटारसायकली, बकऱ्या, नवरी, कापसाचे बोरे... सगळं तिच्यावरून पार व्हायचं. नियम एकच. गाडी नावेवर चढली की चाकाखाली दगड, आणि आतली सगळी माणसं खाली. आमदार असो की बाळंतीण, गाडीत बसून कोणी नदी ओलांडायची नाही. "गाडी बुडाली तं नवी येते," युसूफभाई म्हणायचे. मी नाक मुरडायची. फळ्यांवरच्या चिखलात साडी भरायची ना माझी!

एका वर्षी भादव्यात चांदूर रेल्वेला खो-खोचे सामने होते. माझ्या शाळेच्या मुली पहिल्यांदाच गावाबाहेर खेळणार होत्या. पहाटे जीप घेऊन घाटावर आलो तर युसूफभाई इंजिन न लावता पाण्याकडे बघत उभे.

"बाई, पानी गढूळ झालं. वरून धरणातून सोडलं वाटते. घंटाभर थांबा."

"घंटाभरात आमचा सामना जाईल!"

"जाऊ द्या ना. काहून इतकी घाई करून राहिल्या?"

मी जे तोंड सोडलं ते आज आठवलं तरी कान गरम होतात. पोरी खेळायला निघाल्या म्हणून तुम्हाला खुपतं, असं मी त्या माणसाला म्हणाले. त्यांनी मान खाली घालून इंजिन सुरू केलं.

मुली उतरल्या, ड्रायव्हर उतरला. माझी लेक मंजू मात्र आत होती. दहा वर्षांची, अंगात ताप, आणि संघात तिच्यासारखी पळणारी दुसरी नाही. पाऊस भुरभुरत होता. मी तिला मागच्या बाकावर आडवी केली, शाल पांघरली, जीपचे पडदे सोडले आणि म्हटलं, "आवाज करू नको." दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी बसवली असती का? नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मधोमध आलो आणि वरून वाहत आलेला ओंडका नावेवर आदळला. नाव कलली. पोरी किंचाळत कडेच्या दोराला लटकल्या. जीपच्या चाकाखालचा दगड घसरला. माझ्या तोंडून "मंजू!" एवढंच निघालं, आणि युसूफभाईंना कळलं. त्यांनी डाव्या हाताने दगड चाकाखाली कोंबला, तो तिथेच दाबून धरला आणि उजव्या हाताने पडदा फाडला. मंजूला झग्याला धरून बाहेर ओढलं. मग हात सोडवला. जीप नदीत गेली. डाव्या हाताची तीन बोटंही गेली.

आठवड्याने तहसीलमधून साहेब आले. गाडीत पोर कोणी बसवली, विचारलं. हाताला फडकं गुंडाळलेले युसूफभाई म्हणाले, "म्याच बसू देली साहेब. भूल माही." मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. नोकरी जाईल, लोक थुंकतील, या भीतीने मी खरं सांगितलंच नाही. एरवी गावाला ऐकू जाईल असं बोलणारी मी... मुकी!

परवाना रद्द झाला. जोडनाव काठावर ओढून ठेवली ती कायमची. इंजिन भंगारात गेलं, फळ्या कोणाकोणाच्या गोठ्याला लागल्या, उरलेल्या सांगाड्यातून बाभळी उगवल्या. पुढे पूल झाला, मग तर कोणी तिकडे वळूनही पाहिलं नाही. युसूफभाई अकोल्याला जुन्या शहरात मुलाकडे गेले, त्याच्या गादीच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत बसायचे. मी तीनदा भेटायला गेले. तीनही वेळा गुडघेदुखीवर बोलून परतले.

परवा अखेर मी अकोल्याला गेले. युसूफभाईंच्या पत्नी, भाभी, इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे घराबाहेर न पडण्याच्या दिवसांत, आतल्या खोलीत बसलेल्या. मी सुरुवात केली, "भाभी, त्या दिवशी जीपमध्ये..."

"मले नोका सांगू बाई. मले माहीत हाय. तुमची मंजू लग्न झाल्यावर नवऱ्याले घेऊन आली होती. सगळं सांगून ढसाढसा रडली."

मंजू मला कधीच काही बोलली नव्हती.

"तुमी आल्या की हे आमाले बाहेर धाडत," भाभी म्हणाल्या. "सून, नातवंडं, मी... सगळ्याईले. म्हणत, बाईले काही बोलायचं असन, तुमच्यापुढं जमणार नाही तिले."

आणि मला वाटायचं, सगळे चहा करायला गेले!

भाभी उठल्या. नातवाचा हात धरला, सुनेला खुणावलं आणि स्वयंपाकघरात जाता जाता दार लोटून घेतलं. खोलीत युसूफभाईंची खाट तेवढी होती, वर घडी घातलेली चादर. मी तिच्यासमोर बसले. बराच वेळ नुसती रडत होते.

मग म्हणाले, "युसूफभाई, मंजूला मीच बसवलं होतं."