पासवर्ड मागताना मुका होणारा कीबोर्ड

टायपरायटर दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. टायपरायटर मेले, मी राहिलो. आता शहागंजात रफिकच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात स्टूल धरून बसतो आन् लोकांची अक्कल बघतो. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्कल एवढी बघितली की सगळं सांगायला बसलो तर रफिक शटर ओढून घरी जाईल.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक एकाच दुखण्याचं. मशीन चालू केलं की डिस्कला कुलूप. ते आधी पासवर्ड मागतंय आन् नेमका तिथंच कीबोर्ड मुका.

एक प्राध्यापक आले. नवा कोरा बिनतारी कीबोर्ड, दोन दिवस त्याचे सेल बदलत बसलेले. रफिकनं भंगारातला तारेचा कीबोर्ड लावला, कुलूप उघडलं.

"असं का होतं?"

रफिक म्हणाला, "सर, मशीन अजून झोपेत आहे. झोपेत फक्त तारवाल्याला ओळखतं."

प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. आता कॉलेजात शिकवत असतील.

एक ठेकेदार दसऱ्याच्या दुपारीच आला. मशीनची पूजा केली म्हणे. कीबोर्डवर हळद-कुंकू, वर नारळ फोडला. मी विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"देवाला."

रफिकनं कीबोर्ड उलटा धरला. देवाचा वाटा टेबलावर सांडला.

पण लीलाबाईंची गोष्ट लई वेगळी. उस्मानपुऱ्यात त्यांचं वधूवर मंडळ. पूर्वी टायपरायटरची रिबन बदलायला माझ्याकडंच यायच्या, तेव्हापासून आमचं भांडण. परवा मशीन रिक्षात घालून आल्या. भाच्यानं आदल्या दिवशीच डिस्कला कुलूप बसवलेलं.

"रफिकभाई, चारला जालन्याची पार्टी येतेय. छापलेला बायोडाटा हातात नाही दिला तर सरळ गुलमंडीच्या मंडळाकडं जातील. महिनाभर खपून जमवलेलं स्थळ आहे."

रफिकनं तीन कीबोर्ड बदलले, तिन्ही तारेचे. बाई टाइप करायच्या, पडदा कोरा. ठिपकाबी उमटेना. दोन वाजले.

"चाचा, ये भी गया," रफिक म्हणाला.

सगळे पडद्याकडं बघत होते. मी बोटांखाली बघितलं, जन्मभराची खोड. कॅप्स लॉक दाबलं, दिवा पेटला. परत दाबलं, विझला.

"जित्ता हाय की रे हा."

"चाचा, स्क्रीन पे कुछ दिखताच नहीं."

"आमच्या टायपिंग क्लासात बोटांवर फडकं टाकायचे. दिसायचं नाय, तरी टाइप व्हायचं. बाई, तुम्ही एंटर दाबला का?"

"काही उमटलंच नाही तर एंटर कशाला दाबू?"

"उमटायचंच नाय. कुलूप संशयी हाय. आंधळ्यावानी टाइप करा आन् एंटर दाबा."

"आधी तोंडं फिरवा दोघं."

फिरवली. टकटक झाली, एंटर वाजला, मशीन उघडलं. बाईंनी फाईल काढली, प्रिंटरनं कागद ओकला. रफिकनं तो उचलला, वाचला आन् खुर्चीत बसून हसायलाच लागला.

फोटो माझा. रफिकच्या पोरीच्या लग्नातला, फेट्यातला. विधुर. वय साठ. मला चौऱ्याहत्तरावं चालूय. खाली लिहिलेलं, स्वभाव शांत.

"बाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलो.

लीलाबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"चारला या. दाढी करून."