दोन नावांची बारा वर्षं

मंगळवार, ११ नोव्हेंबर. आजचं काम: अकोल्याला जाऊन माझ्या नावबदलाच्या राजपत्राची मूळ प्रत आणणे.

परदेशात मी बारा वर्षं नर्स होते. चार लग्नाआधी, आठ लग्नानंतर. तिकडचं पेन्शन मिळायला दहा वर्षांची वर्गणी लागते. माझी बारा भरली आहेत, पण दोन बायकांच्या नावावर. आमच्याकडे तेव्हा लग्नात मुलीचं स्वतःचं नावही बदलायचे. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. सासऱ्यांनी ते राजपत्रात छापून आणलं, त्यावर माझा नवा पासपोर्ट निघाला आणि मी परत गेले. तिकडे नव्या नावाला वर्गणीचा नवा नंबर मिळाला. आपला जुना नंबर आहे, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चूक माझी. आता तिकडच्या नोंदीत एकीची चार वर्षं, दुसरीची आठ, आणि पेन्शन दोघींनाही नाही. दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद तेवढा एक, ते राजपत्र. जुना अंक सरकारकडून मागवायचा तर दोन महिने लागतील, असं कळलं. पेन्शनवाल्यांच्या पत्रात कागद पाठवायची मुदत शुक्रवारची होती.

घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मी अमरावतीत राहते, नर्सिंगच्या मुलींना शिकवते, माहेरचं नाव लावते. मूळ प्रत अकोल्याला, सासऱ्यांच्या कपाटात. त्यांना फोन केला नाही. फोनवर नाही म्हणणं सोपं जातं. सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर गेल्यावर बोलायची वाक्यं मनात जुळवायला घेतली, पण एकही धड जुळलं नाही.

दार सासूबाईंनी उघडलं.

"आता काहून आली?"

"मामाजींकडे काम आहे."

"काम असल्याबिगर थोडीच येशील तू!" पण दारातून बाजूला झाल्या.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तहसीलीत कारकून होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी घरातला प्रत्येक कागद फाइलीत आणि प्रत्येक फाइलीला नाडी. मी पेन्शनचं पत्र दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कपाट उघडलं आणि अर्ध्या मिनिटात माझी फाइल काढली. वर माझं सासरचं नाव, लाल शाईत. राजपत्र मला दिसलं. मी हात पुढे केला. त्यांनी त्यावर पंजा ठेवला.

"थांब." त्याच फाइलीतून त्यांनी दुसरा कागद काढला. "हे वाच. तुनंच लिहून देल्लं होतं."

घटस्फोटाच्या वेळी मी तोऱ्यात लिहून दिलेला कागद होता तो. या घरातल्या कोणत्याही चीजवस्तूवर माझा हक्क राहणार नाही. खाली सही, माझीच.

"ते भांड्याकुंड्यांचं होतं, मामाजी."

"कोणत्याही म्हणजे कोणत्याही. कागद चीजवस्तूतच येते."

"त्याच्यात माझं नाव आहे."

"नाव आमी देल्लं," सासूबाई म्हणाल्या.

"दिलं ना? मग माझं झालं. दिलेलं परत मागून राहिल्या काय तुम्ही?"

त्या मामाजींकडे वळल्या. "पोराले विचारा आधी. त्याच्या माघारी काई देऊ नका."

मामाजींनी फोन लावला. त्यांचा मुलगा, माझा आधीचा नवरा, पुण्यात असतो, दुसरं लग्न झालंय. तो हो म्हणणार नाही, हे आम्ही तिघंही जाणून होतो. घंटा वाजत राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. उचलला गेला नाही.

मामाजींनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"अर्ज कर. मूळ प्रत तात्पुरती मिळावी म्हणून. परत कधी देशील, ते लिही."

मी लिहायला बसले. अर्जदार म्हणून सही करणार तोच म्हणाले, "फाइल ज्या नावाची, अर्ज त्याच नावाचा."

ती सही सहा वर्षांत केली नव्हती. पेन टेकवला आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मुलाचं नाव.

"उचला ना जी!" सासूबाई म्हणाल्या.

मामाजींनी फोन पालथा घातला. "अर्जाचं काम चालू हाये. कामाच्या मधात मी कधी फोन घेतला?"

"हापीस हाये काय हे?"

"तू चूप बस. कर वं सही."

फोन वाजतच होता. मी सही केली. पहिलं अक्षर वाकडं आलं, बाकीचं जमलं. त्यांनी ती फाइलीतल्या जुन्या सहीशी ताडून पाहिली, अर्जाच्या कोपऱ्यात 'मूळ प्रत दिली' असं लिहून तारीख घातली, आणि राजपत्र माझ्या हातात दिलं. मग फोन उचलला. "हां बोल," म्हणत ते आतल्या खोलीत गेले.

मी पर्स बंद केली. चहा विचारला नव्हता, विचारला असता तरी मी थांबले नसते. बस स्टँडपर्यंत ऑटोने गेले आणि मागे वळून पाहिलं ते दोनदा, कोणी बोलवायला येतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी अमरावतीच्या कोर्टाजवळ नोटरीपुढे बसले होते. तीन प्रती साक्षांकित करून घेतल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून एक स्कॅन करून तिकडच्या साइटवर चढवली आणि 'कागद मिळाला' अशी पोच आल्यावरच खुर्चीवरून उठले. अर्जात परतीसाठी मी आठ दिवस लिहिले होते. तेवढं थांबायचं कारण नव्हतं. तिथूनच पोस्टात गेले आणि मूळ प्रत रजिस्टरने अकोल्याला पाठवली. पाठवणाऱ्याच्या जागी आताचं नाव घातलं.