मेंबरसाहेबांचा बाहुला

अकोल्याच्या जुन्या शहरात पुंजाजी सुतार बैलबंड्यांची चाकं करायचा. चाकं बाभळीची, पोटासाठी. बाहुले पांगाऱ्याचे, हौसेसाठी.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. हेल काढून, यमकं जुळवून मोठ्या माणसांची भर गर्दीत खिल्ली उडवायची. त्या दिवशी कोणी राग धरत नाही. धरला तर त्याचंच हसं होतं. एकसष्ट सालच्या पोळ्याला पुंजाजीने झडती स्वतः न म्हणता हातातल्या बाहुल्याकडून म्हणवली. बाहुला आमच्या वॉर्डाच्या मेंबरांचा, उत्तमरावांचा. तेच वर उचललेलं नाक, तेच पोटावर ताणलेलं जाकीट. बाहुला नळाची तोटी फिरवायचा आणि पाण्याची वाट पाहता पाहता पेंगायचा. लोक लोटपोट हसले, कारण नळाचं आश्वासन दोन निवडणुका जुनं होतं आणि आमच्या गल्लीतल्या बाया अजून मोर्णा नदीच्या वाळूत झिरे उकरून पाणी आणत होत्या.

पुंजाजीने तिथंच थांबायला हवं होतं. पण टाळ्या माणसाला चढतात. तो आठवडी बाजारातही बाहुला नाचवू लागला. पोळा संपला की पोळ्याची माफीही संपते, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

उत्तमरावांनी निरोप धाडला: बाहुला बंद, तर नळ सुरू.

"ठेवा तो पेटीत," पुंजाजीची बायको भागीरथा म्हणाली. "लोक हासतेत, पन माया डोक्शावरचा हंडा काई उतरत नाई."

बाहुला पेटीत गेला आणि महिन्याभरात गल्लीच्या तोंडाशी नळ आला. माणूस कसाही असो, या खेपेला उत्तमरावांनी शब्द पाळला. भागीरथा कितीतरी वेळ धारेखाली हात धरून नुसती उभी होती. मला फार बरं वाटलं.

मागाहून नळाला हार घालायचा समारंभ झाला. तिथं उत्तमरावांना लहर आली. "पुंजाजी, आन तुया बाहुला. आता त्याले गोड बोलव."

पुंजाजी मनापासून बोलला. पण बाहुल्याला आवाज एकच, झडतीचा. त्या हेलात "आमचे मेंबर शब्दाचे पक्के" निघालं आणि गल्ली खदखदली. पुंजाजी घाबरला. हसू नका म्हणून बाहुल्याने हात जोडले, तर लोक पोट धरून खाली बसले. शेवटी बाहुला उत्तमरावांच्या पाया पडला, तेव्हा त्यांच्याच कार्यकर्त्यांनी तोंडाला रुमाल लावले. उत्तमराव तडक निघून गेले.

"अरे बापहो, मी खरंच बोलून राहिलो!" पुंजाजी ओरडला. लोकांना तेही झडतीतलंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात उत्तमरावांचा माणूस आला, तोटी काढून घेतली आणि नळाच्या तोंडात खुंटी ठोकून गेला. पुंजाजी मेल्याहून मेल्यासारखा झाला. बाहुला फोडायला त्याने लाकूड तासायचा वाकस उचलला, तेवढ्यात भागीरथा नदीवरून आली. तिने हंडा खाली ठेवला, त्याच्या हातातून वाकस काढून घेतला आणि बाहुल्याच्या जाकिटावरची धूळ झटकली.

"काहून फोडता?" ती म्हणाली. "आता तो मेंबर आपलं अजून काय नेईन? उद्या बाजार हाय. मले बी शिकवा तो आवाज."