गोठ्यातला बल्ब

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला लेकीकडे होते. पुतण्या म्हणाला, "काकू, पहाटे झोपेतच गेली आई. काही त्रास झाला नाही." अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. अमळनेरच्या घरात लग्न होऊन आले ती त्यांच्याच हाताखाली. तरी त्या दिवशी मला रडू आलं नाही. आलं ते गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, आणि तेही रागानं. दारापुढच्या मांडवात गावातले एक पुढारी माईक धरून सांगत होते की या माउलीनं अंधारात, धुरात आयुष्य काढलं, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही, सोशिकपणाची मूर्तीच होती ती. मांडवातल्या माना डोलत होत्या. अहो, शब्द काढला नाही? महिना होत आला तरी ते भाषण डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी साक्रीकडच्या खेड्यात वाढले. तिथं दिवस मावळला की घरोघरी रॉकेलची चिमणी. श्रीमंताकडे कंदील, एवढाच फरक. अंधार सगळ्यांच्या वाट्याला होता, म्हणून त्याचा कुणाला राग नव्हता. राग कसा येतो ते मला अमळनेरला कळलं, घरात वीज आली तेव्हा. पन्नास सालानंतरची गोष्ट, नेमकं साल आता आठवत नाही. सासरे, म्हणजे आबा, कपाशीचे मोठे शेतकरी. आमच्या आळीत पहिली वीज त्यांनी घेतली. वायरमन आला, त्यानं विचारलं, पॉइंट कुठं कुठं काढायचे? आबांनी काठीनं दाखवलं... बैठकीत एक, देवघरात एक, ओट्यावर एक आणि गोठ्यात एक. अक्का दाराआडून पदर सावरत म्हणाल्या की एक चुलीपाशी पाहिजे. सासऱ्यांसमोर सून आपणहून बोलली, हेच मुळात आबांना खटकलं.

"धूरमा बल्ब काया पडी जाई," आबा म्हणाले. "नि चूलनं काम तुमले डोया मिटीसन येस."

धुरानं बल्ब काळा पडेल, आणि चुलीचं काम तुम्हाला डोळे मिटूनही येतं. झालं. बैलांना उजेड मिळाला. महागाची जोडी होती, रात्री कुणी सोडून नेऊ नये, पायात साप-किरडू येऊ नये, म्हणून. आम्ही दोघी त्याच चिमणीच्या मिणमिणाटात घरभराच्या भाकरी थापत राहिलो. बाहेर ओट्यावर माणसं बल्बकडे बघत बसायची, आत त्यांच्यासाठी तव्यावर आमची बोटं भाजायची. आजकाल काही मंडळी त्या काळच्या चुलीवरच्या भाकरीचं मोठं कौतुक करतात. त्यांनी एकदा चिमणीच्या उजेडात भाकरी उलटून बघावी, मग बोलावं.

त्या वर्षी मी पोटुशी होते. एका संध्याकाळी गवऱ्या काढायला कोपऱ्यात हात घातला आणि विंचू डसला. ती रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. पोटातलं लेकरू वाचलं, इतकं पुरे. सकाळी बैठकीतून निरोप आला की सुनांनी नीट पाहून हात घालत जावा. पाहून! कशानं पाहायचं होतं? अक्कांनी दिवसभर मला उठू दिलं नाही, माझंही काम त्यांनीच ओढलं.

संध्याकाळी मात्र त्यांनी उचलती चूल काखेला मारली, परात घेतली, तवा घेतला आणि तडक गोठ्यात गेल्या. बैलांसमोरची जागा झाडली, शिंपडली आणि बल्बखाली चूल मांडली. मीही सुजलेला हात पदरात घेऊन शेजारी जाऊन बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. अक्कांना वाटत होती की नाही ठाऊक नाही. भाकरी मात्र त्या दिवशी एकही करपली नाही. धुरानं बैल फुरफुरत होते, त्यांच्याकडे बघून अक्का हसल्या.

नेमके त्या दिवशी धुळ्याचे व्याही, माझ्या नणंदेचे सासरे, आले होते. वीज आल्याचं ऐकून मुद्दाम बघायला आले होते म्हणा ना. आबांनी बैठक दाखवली, देवघर दाखवलं आणि गोठ्यातही बल्ब आहे हे दाखवायला मोठ्या तोऱ्यात त्यांना मागं घेऊन आले. पाहतात तर घरची थोरली सून शेणामुताशेजारी बसून पाहुण्यांच्या भाकरी थापतेय. आबांचा चेहरा पडला. अक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला, हात थांबवला नाही.

"आठे उजेड शे, आबा," त्या म्हणाल्या. "म्हनीसन आठे उनू."

इथं उजेड आहे, म्हणून इथं आले. व्याही खाली मान घालून परत फिरले. त्या रात्री अक्कांच्या नवऱ्यानं, आमच्या नानांनी, घराण्याची अब्रू घालवलीस म्हणून त्यांना नाही नाही ते सुनावलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी पुन्हा चूल उचलली. तिसऱ्या दिवशी वायरमन आला.

चुलीपाशी बल्ब लागला तेव्हा आधी आम्हाला आमच्याच भिंतींची लाज वाटली, इतकी काजळी होती. पण खरी गोष्ट त्याच रात्री घडली. पुरुषांची जेवणं आटोपली, आम्ही दोघी चुलीपाशी ताटं घेऊन बसलो आणि आबा बल्ब काळा पडतोय का ते बघायला दारात आले. त्यांची नजर वरून खाली आली. आमच्या ताटात भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता आणि तेलाचा थेंब. माझं पोट तेव्हा चांगलं दिसत होतं. मी ताट पदराखाली ओढायला गेले, तर अक्कांनी माझा हात धरला. आबांनी विचारलं, भाजी सरली का?

"भाजी रोजच सरी जास, आबा," अक्का म्हणाल्या. "आज तुमले दिखनी."

आबा पाठ फिरवून निघून गेले. आबा मनानं चांगले होते, असं इथं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. मनानं चांगल्या माणसाला इतकी वर्षं ते ताट दिसलं कसं नाही? आणि चिमणी होती म्हणून दिसलं नाही, असं म्हणायचं असेल, तर चिमणीच्या उजेडात त्यांना भाकरीवरचा करपलेला डाग बरोबर दिसायचा.

दुसऱ्या दिवसापासून अक्का पंगत बसायच्या आधी आमच्या वाटणीची भाजी वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवू लागल्या. नानांनी तिसऱ्यांदा भाजी मागितली की शांतपणे म्हणायच्या, संपली. पुढं घरात स्टोव्ह आला, गॅस आला, मिक्सर आला, फ्रीज आला. प्रत्येक वेळी बैठकीतून कुणीतरी म्हणालंच की बायका आळशी होतील, चव जाईल. अक्कांनी वाद घातला नाही, वस्तू आणवली. त्यांचे हात म्हातारपणी थरथरू लागले, तरी ते पातेलं काढायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

पुढाऱ्यांचं भाषण चालू होतं तेव्हा मी उठून आत गेले. मोठमोठी भांडी उचलून आचारी मांडवाकडे निघाले होते. अक्कांची नातसून, कालपरवा लग्न होऊन आलेली पोर, त्यांच्या आडवी गेली. वांग्याची भाजी, वरण, शिरा, सगळ्यातलं तिनं आधी भरपूर काढून घेतलं आणि ताटं घालून झाकलं. आचारी म्हणाला, बाहेर कमी पडेल. ती म्हणाली, "पडू द्या."

त्या दिवशी मांडवात दुसऱ्या पंगतीला भाजी पुरली नाही. आत आम्ही सगळ्या पोटभर जेवलो.